जेरुसलेमचं चिणलेलं दार

सुट्टीत पहाटे उठणं मला पाप वाटतं. तरी जेरुसलेममध्ये उठलो, कारण येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चचं दार उघडताना बघायचं होतं. आत सहा ख्रिस्ती पंथ नांदतात आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही. किल्ली सांभाळतं एक मुसलमान घराणं, कुलूप उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याचा. दाराच्या झरोक्यातून आतले लोक शिडी बाहेर सरकवतात, माणूस चढतो, वरचं कुलूप उघडतो. संपलं. दोन मिनिटांचा खेळ!

माझी नजर मात्र शेजारच्या दारावर. तशीच कमान, पण दगडांनी चिणलेली. मुसलमान सुलतान सलाहुद्दीननं ख्रिस्ती लोकांकडून शहर घेतल्यावर ते बुजवलं गेलं.

१०९९ मध्ये क्रुसेडर, म्हणजे युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मयोद्धे, आत घुसले तेव्हा इथे भयंकर कत्तल झाली. २ ऑक्टोबर ११८७ ला सलाहुद्दीन आला, तेव्हा तसं झालं नाही. पण याला निव्वळ दिलदारी म्हणायला मी तयार नाही. शहर लढवणाऱ्या बेलियननं निक्षून सांगितलं होतं, की अभय मिळालं नाही तर मुसलमान कैदी मारू आणि त्यांचं पवित्र ‘डोम ऑफ द रॉक’ही पाडू. मग घासाघीस झाली. सुटकेचा दर ठरला: पुरुषाला १० दिनार, बाईला ५. चर्चचा मुख्य धर्मगुरू आपले १० दिनार भरून खजिन्यासकट निघून गेला आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो गरीब गुलाम झाले. धर्मगुरूला अडवावं की नाही, असं सलाहुद्दीनला विचारलं गेलं; त्यानं जाऊ दिलं. मला राग आला तो त्या धर्मगुरूचा.

दोन दिवसांनी समुद्रकाठच्या अक्को गावी गेलो. बोळांच्या बाजारात मासळीचा वास, पायाखाली ओले दगड. १२२९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक इथूनच बोटीत बसून परतला. पोपनं बहिष्कृत केलेल्या या गड्यानं इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह केला आणि लढाई न करता जेरुसलेम दहा वर्षांसाठी मिळवलं. हरम अल-शरीफ हे मशिदीचं पवित्र आवार मुसलमानांकडेच राहिलं. त्या कबरीच्या चर्चमध्ये त्यानं स्वतःच्या हातानं मुकुट चढवला.

अक्कोहून परतताना खाटकांच्या गल्लीतून जात असता त्याच्याच धर्माच्या लोकांनी त्याच्यावर आतडी आणि घाण फेकली.