छातीवरचा बॅज आणि दोन पावलांचे अंतर

नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरातील एका अस्थिरोग रुग्णालयात मी एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून काम करतो. दर तिमाहीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा छातीवरचा बिल्ला, बदलून पाठवण्याचा दिवस उजाडला की आमच्या विभागात शोधाशोध सुरू होते. कोणाचा बॅज स्कूटरच्या डिकीत सापडतो, कोणाचा घरच्या कपाटात, आणि एखाद्याचा गणवेशाबरोबर वॉशिंग मशीनमधून फिरून आलेला असतो. ताईत बांधला की बाधा होत नाही, अशाच काहीशा श्रद्धेने आम्ही हा बॅज बाळगतो. फरक इतकाच, की ताईत निदान अंगावर तरी असतो.

बॅज किरण अडवत नाही, केवळ मोजतो. त्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात, त्यावरून मात्रा काढली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. आमच्या अहवालात बहुतेकांच्या नावापुढे शून्याच्या आसपासचाच आकडा येतो, आणि त्यामुळेच बॅजविषयी बेफिकिरी वाढते.

एकदा मात्र माझ्याच नावापुढे मोठा आकडा आला आणि खुलासा द्यावा लागला. बॅज किरण अडवणाऱ्या लेड (शिशाच्या) ॲप्रनच्या आत, छातीजवळ लावायचा असतो. मी सोयीसाठी तो ॲप्रनच्याच अस्तराला अडकवत असे आणि ॲप्रन एक्स-रे रूममधल्या खुंटीवर टांगून बाहेर येत असे. मी जेवायला गेलो, सुट्टीवर गेलो, तरी माझा बॅज तिथे इमानेइतबारे ड्युटी करत होता. त्या अहवालातील मात्रा माझी नव्हती, पण मग माझी खरी मात्रा किती होती, हेही आता कोणालाच सांगता येणार नाही.

खरा धोका ओटीमध्ये, सी-आर्मजवळ, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राजवळ असतो. मांडीच्या हाडात नेल (धातूची सळई) बसवताना किरण पेशंटच्या शरीरावर आपटून चहूकडे विखुरतात, आणि आमच्या वाट्याला येते ते मुख्यतः हेच स्कॅटर. ढोबळ हिशेबाने, पेशंटवर पडणाऱ्या किरणांच्या सुमारे एक हजारांश स्कॅटर एक मीटरवर पोहोचते, आणि दोन मीटरवर त्याचाही चौथा हिस्साच उरतो. दोन पावले मागे सरकण्यास खर्च काहीच येत नाही. किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली ठेवली तर स्कॅटरचा मोठा भाग खालच्या बाजूला जातो. ती वर असेल तर तेच चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर येते. स्क्रू लॉक करताना सर्जनचे लक्ष पडद्यावर आणि पाय किरण सुरू ठेवणाऱ्या पेडलवर खिळलेला असतो. ‘सर, पाय काढा’ असे म्हणणे माझ्या पदाला शोभत नाही, म्हणून मी म्हणतो, ‘सर, इमेज होल्ड केली आहे.’ त्यांना ते बरोबर कळते.

मात्र माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित व्यक्ती म्हणजे वॉर्डातील मावशी. हात मोडलेले लहान मूल टेबलावर थरथरत असते, आई रडत असते, आणि आम्ही सहज म्हणतो, ‘मावशी, जरा धरा हो.’ मावशींकडे बॅज नसतो, घाईत ॲप्रनही दिला जात नाही, आणि महिन्यातून कितीदा त्यांनी मूल धरले याची नोंद कुठेच होत नाही. बॅज नसलेल्या, या कामाशी संबंध नसलेल्या माणसासाठी वर्षाची मर्यादा केवळ 1 मिलिसिव्हर्ट आहे. मूल धरायचेच असेल तर ते त्याच्या नातेवाइकाने, ॲप्रन घालून आणि मुख्य किरणांच्या बाहेर उभे राहून धरावे, कारण त्याच्यावर ही वेळ एखाद्या वेळीच येते. त्यातही आईला ‘दिवस गेले आहेत का’ हे सासूसमोर विचारणे अवघड असते आणि मिळणाऱ्या उत्तराची खात्री नसते, म्हणून मी आधी वडिलांनाच आत बोलावतो.

मावशी अजूनही मुलाच्या रडण्याचा आवाज आला की सवयीने दारातून आत येतात, आणि मी हातानेच त्यांना बाहेर थांबण्याची खूण करतो.