बायका तेवढ्याच, शेतं दुप्पट

"सर, पेशीला विभाजनाला लावणारं सायक्लिन प्रथिन तर दर फेरीला नव्यानं बनतंच, मग बाराव्या विभाजनानंतर बेडकाचा गर्भ मंदावतो कशानं?" पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गात एका मुलीनं विचारलं. मी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली. घंटा झाली, सुटलो.

रविवारी खानापूरकडं, गावी, रोप लावणीला गेलो. तासाभरात पाठ धरली, मग बांधावर बसून पोरासारखा मुठी फेकायचं काम घेतलं. आधी चिखलात ठरावीक अंतरावर रोपाच्या मुठी टाकायच्या, मग बायका ओळीनं वाकतात. लावण सुरू झाली की मुठी बंद. नाहीतर लावलेल्यावर परत लावण.

पेशीतही हेच. विभाजन संपताना सीडीके, म्हणजे सायक्लिनच्या जोडीनं काम करणारं प्रथिन, थंडावतं, तेवढ्यात ओआरसी, सीडीसी-६ आणि सीडीटी-१ ही प्रथिनं मिळून डीएनएवर एमसीएम नावाच्या प्रथिनाच्या मुठी ठेवतात. सीडीके चढलं की लावण, म्हणजे नक्कल, चालू, आणि जेमिनिन नावाचं प्रथिन सीडीटी-१चा हात धरून ठेवतं, म्हणजे नव्या मुठी बंद. म्हणून एका फेरीत डीएनएची नक्कल एकदाच होते. झेनोपस बेडकाच्या गर्भात डीएनएच्या दर दहाएक हजार अक्षरांवर लावण सुरू होते. त्यामुळं पहिलं विभाजन दीड तासानं झालं, तरी पुढची अकरा साधारण अर्ध्या-अर्ध्या तासानं उरकतात. मधे विसावा नाही.

दुपारी शेजारच्यांचंही शेत चिखल करून तयार झालं. बारा बायका निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या. आई म्हणाली, "आज दोन्ही शेतं व्हायची न्हाईत. बायका तेवढ्याच की."

मी हातातली मूठ तशीच धरून बसलो. त्या मुलीचं उत्तर हेच होतं!

लावण सुरू करून देणारे हात बेडकीनं अंड्यात शिदोरीसारखे भरून दिलेले असतात, चार प्रथिनं: कट-५, रेकक्यू-४, ट्रेस्लिन, डीआरएफ-१. केंद्रकं मात्र दुपटीनं वाढतात. बारा फेऱ्यांनंतर चारेक हजार पेशी, प्रत्येकीच्या वाट्याला हात थोडे. मुठी पडून आहेत, पण एकाच वेळी सगळीकडं वाकायला माणसं नाहीत. म्हणून नक्कल लांबते. (चेक-वन नावाचा मुकादमही यात आहे, त्याच्यावर परत कधीतरी.) 2013 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हीच चार प्रथिनं गर्भात वाढवून पाहिली, तर गर्भानं झपाट्याच्या आणखी फेऱ्या मारल्या.

सोमवारी वर्गात फळ्यावर आधी शेत काढलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, कुणाचं हे?"