वरातीतली घोडी आणि ताशावाला मुलगा

आमच्याकडे घोड्यावर कुणी बसत नाही. मुळशीच्या रस्त्यावरच्या आमच्या तबेल्यात मुलांना समुपदेशनासाठी घेऊन येणारे पालक हे ऐकून आधी हिरमुसतात. थोडंफार वाचून आलेले लिस हार्टेलचं नाव घेतात. डेन्मार्कच्या या बाईंना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढाउतरायला दुसऱ्याचा आधार लागायचा, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण आमच्या घोड्यांपैकी कुणी टांग्यातून सुटलेला, कुणी शर्यतीत पाय दुखावून बसलेला, कुणी वरातीतून आलेली. त्यांच्या पाठींनी त्यांच्या वाट्याचं ओझं वाहून झालंय. म्हणून आमचं सगळं काम जमिनीवर उभं राहून चालतं: खरारा करायचा, म्होरकी घालायची, दोर धरून सोबत चालायचं, खूर उचलून साफ करायचे. मी समुपदेशक आहे. घोड्यांचं बघतात ते आमचे चाचा, जन्मभर मोतद्दारी केलेले.

लक्ष्मी वरातीतून आली. पांढरीशुभ्र, नाकपुड्यांभोवतीची कातडी गुलाबी. लग्नाच्या बाजारात याच रंगाला मागणी असते. आली तेव्हा ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने, कडक झालेले वण होते. काटेरी लगामाचे. ओढायच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांत अशा काट्यांना बंदी आहे, पण भर बाजारपेठेत, फटाक्यांच्या माळेशेजारी घोडी नवरदेवाला घेऊन शांत उभी दिसली की तिच्या तोंडात काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी झाक आहे, त्या बाजूने तिला जवळपास दिसत नाही. घोड्याकडे डावीकडूनच जायचं हा सगळीकडचा रिवाज. लक्ष्मीकडे उजवीकडून जावं लागतं, तेही आधी आवाज देऊन.

मुलाचं नाव मी लिहिणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. नववीतला मुलगा. वर्गातल्या एकाला इतकं मारलं की टाके घालावे लागले. समुपदेशन करून घ्या, नाहीतर दाखला न्या, असं शाळेने सांगितलं. आजी त्याला घेऊन आली. त्याआधी एका खोलीत, खुर्चीवर बसवून त्याच्याशी बोलण्याचे प्रयत्न झाले होते आणि तो तासभर जमिनीकडे बघत राहायचा. घरात त्याने स्वतः किती मार खाल्लाय ते आजीने मला बाजूला घेऊन सांगितलं.

"याचा राग तेवढा काढून टाका," आजी म्हणाली. हे वाक्य मी फार वेळा ऐकते, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. राग हा काही मुलाच्या अंगात घुसलेला काटा नव्हे. ज्या घरात तो वाढला तिथे रागाने त्याला वाचवलं होतं. आता त्याला दुसरं काही यायला हवं होतं, एवढंच.

लोक म्हणतात घोडा माणसाचं मन वाचतो. मी असं म्हणत नाही. घोडा अंग वाचतो. तो शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. आजूबाजूच्या कुणाचा खांदा ताठ आहे, श्वास कुठे अडकलाय, हे लवकर कळण्यावर त्याच्या पूर्वजांचा जीव टिकला. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की रागावलेल्या माणसाचा नुसता फोटो समोर धरला तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके हसऱ्या चेहऱ्याच्या मानाने झपाट्याने वाढतात. खोलीत गप्प बसून या मुलाला माझ्यापासून सगळं लपवता येत होतं. लक्ष्मीसमोर येत नव्हतं. तो मुठी आवळून आत आला की ती दोन पावलं मागे जायची. त्यावर आमचा एकच नियम: ती मागे गेली की आपणही थांबायचं. ओढायचं नाही, पाठलाग नाही. मान खाली आली, कान सैल पडले की मग जवळ येऊ का, असं तिला पुन्हा विचारायचं. कधी कधी विचारण्यातच सगळी वेळ संपायची आणि खरारा हातातच राहायचा. सुरुवातीला तो चिडायचा. "एवढं काय मागं लागायचं जनावराच्या?" चाचा म्हणायचे, "मागं नको लागू. उभा राहा नुसता."

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो पावसाळ्यातला, नालबंद यायचा दिवस. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी तो कापून, कानशीने घासून सारखा करावा लागतो. चिखलाच्या दिवसांत हयगय केली तर खूर आतून कुजायला लागतो. त्या दिवशी दोर धरायचं काम मुलाने मागून घेतलं होतं. तोवर लक्ष्मी त्याच्या हातून पुढचे पाय उचलू द्यायला लागली होती. नालबंदाने पुढचे दोन्ही खूर उरकले. मागच्या पायाला हात घालणार, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या मैदानावर ढोल-ताशा सुरू झाला.

गणपतीआधीचा पथकाचा सराव. आधी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच इथे आले होते.

लक्ष्मीची मान वर गेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला आणि ती जागच्या जागी गरकन फिरली. नालबंद उडी मारून बाजूला झाला. दोर मुलाच्या हातात होता. मी कुंपणापाशी होते आणि मला फक्त त्याचे हात दिसत होते. घाबरलेल्या घोड्याच्या दोराला माणूस उपजत लटकतो, त्यातच बोटं जातात, खांदे निखळतात. शिवाय या मुलाला आयुष्यभर एकच उत्तर शिकवलं गेलं होतं: समोरचा ऐकत नसेल तर जोर लाव.

त्याने दोर सोडला. शिकवल्याप्रमाणे आडवा सरकत कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. लक्ष्मी आवारात गोल गोल धावत होती, घामाने पांढरी पाठ करडी दिसत होती. चाचांनी मला हाताने खूण केली, आत येऊ नका.

तिचा तिसरा-चौथा फेरा झाला असेल, मुलगा कुंपणातून बाहेर आला. तोंड पांढरंफटक पडलेलं. म्हणाला, "ताई, ते आमचं पथक आहे. मी ताशा वाजवतो तिथं."

मला हे माहीतच नव्हतं. त्याने सांगितलं नव्हतं, आजीनेही नाही.

"मी सांगून येतो त्यांना."

मी त्याच्याबरोबर गेले, पण दहा पावलं मागे राहिले. मैदानावर विशी-पंचविशीची पोरं होती, त्यांच्यापुढे हा मिसरूडही न फुटलेला. त्याने पथकप्रमुखाला काहीतरी सांगितलं. ढोलाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. कुणीतरी मागून ओरडलं, "घोडीला कापूस दे कानात!" आणि सगळे हसले. मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते. ते वर चढले. उजवी मूठ वळली. मग तो होता तिथून एक पाऊल मागे आला, थांबला, आणि पुन्हा म्हणाला, या वेळी इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू आलं: "दादा, अर्धा तास. नालबंद आलाय. तिला एका डोळ्यानं दिसत नाही, ती पडंल."

प्रमुखाने हात वर केला. ढोल थांबले.

अर्ध्या तासात लक्ष्मीचे मागचे खूर काही झाले नाहीत. नालबंदाने वापरलेलं अवजार पुसून पिशवीत टाकलं. म्हणाला, "आज हिच्याकडनं घ्यायचं नाही. परवा येतो." माझ्या दृष्टीने त्या दिवसाचं हेही मोलाचं काम होतं, कारण मुलाने ते पाहिलं. एका मोठ्या माणसाने अर्धवट काम सोडलं आणि कुणी त्याला कमी लेखलं नाही. चाचांनी तिच्या कोपराच्या मागे हात ठेवून ठोके मोजले. स्वस्थ उभ्या घोड्याचे मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. तिचे अजून बरेच वर होते. मुलाला चाचांनी तिथेच हात ठेवायला सांगितला. बराच वेळ तो तसाच, तिच्या उजव्या अंगाला उभा होता.

नंतर पाण्याची बादली भरताना तो आपणहून बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने घराविषयी काही सांगितलं.

"ताशा वाजवताना मला दुसरं काहीच ऐकू येत नाही. घरातलं पण नाही डोक्यात येत. म्हणून जातो मी." थोडं थांबून म्हणाला, "आणि हिला तोच आवाज..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही, मीही केलं नाही. ताशा सोड, असं मी त्याला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्याच्यासाठी तो आवाज आसरा आहे, तिच्यासाठी तीच वरात. दोन्ही खरं आहे. माझ्या खोलीत बसून ही गोष्ट मी त्याला वर्षभर समजावली असती तरी पोचली नसती.

गणपतीचे दहा दिवस लक्ष्मीला आम्ही गावापासून लांब, एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे ठेवलं. दिवाळीनंतर चाचांनी नवा सराव सुरू केला. मुलगा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला ताशा घेऊन बसतो, लक्ष्मीपुढे लसूणघास टाकलेला असतो. तो अगदी हलक्या काड्यांनी वाजवतो. तिने चावणं थांबवलं, किंवा नुसता कान ताठ करून त्याच्याकडे वळवला, की त्याने काड्या खाली ठेवायच्या. पुन्हा कधी सुरू करायचं ते ती खायला लागल्यावर ठरतं. वाजवण्याच्या भरात कुणाचंच न ऐकणारा हा मुलगा शंभर फुटांवरून एक कान हललेला टिपतो. अंतर कमी करायची घाई त्याला नाही, मलाच असते. मागच्या आठवड्यात मी विचारलं, आज थोडं पुढे बसायचं का? तिच्याकडे बघून म्हणाला, "आज नको ताई. आज वारा आहे, तिला सगळं जवळ वाटतंय."

शाळेत पुन्हा एकदा भांडण झालं, ते इथे लिहायला हवं. मारामारी नाही झाली, पण बाक उलथवला. आजी रडवेली होऊन आली होती. मुख्याध्यापकांशी बोलायला मी सोमवारी जाणार आहे. मुलाला विचारलंय, तोही येतो म्हणालाय. काय बोलायचं ते त्याचं तो ठरवतोय.