झेब्रा माशाची अंडी: पाठ कुठली, हे ठरतं कधी?

पावसाळ्यात बेळगावचं पाणी चांगलंच गार पडतं. गर्भाच्या वाढीच्या तक्त्यांतल्या सगळ्या वेळा २८.५ अंश सेल्सिअसच्या, त्यामुळे अंड्यांची बशी आता हीटर लावलेल्या पाण्यात ठेवतो आणि लाइट गेली की थर्माकोलच्या पेटीत हलवतो. या आठवड्यात वेळा छान जुळल्या. टाकीच्या तळाशी गोट्या आहेतच, नाहीतर मासे स्वतःचीच अंडी खातात.

पाऊण तासात पहिलं विभाजन, मग साधारण दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट. पाच-साडेपाच तासांनी पेशींचा थर बलकाच्या निम्म्यावर उतरतो आणि थबकतो. तोवर चहूबाजूंनी सारखंच दिसतं. ब्रशच्या एका केसानं अंडं हळूच फिरवत राहिलो आणि सहाव्या तासाला कडेला एका जागी थर जाडसर झालेला दिसला. हीच शील्ड, म्हणजे पाठीची बाजू!

निपाणीच्या मित्राला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, "अरे, पण पाठ इथंच, हे त्याला सांगितलं कुणी?"

निकाल खूप आधी लागलेला असतो. आईकडून अंड्यात आलेली काही द्रव्यं तळाकडून एका बाजूला सरकतात. त्या बाजूला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकतं. इतर पेशींत जीएसके-३ हे विकर (एन्झाइम) त्यावर फॉस्फेटची खूण करतं आणि ते मोडीत निघतं. टिकलेलं प्रथिन केंद्रकात शिरतं, तेही तिसऱ्या तासाच्या सुमारास गर्भाची स्वतःची जनुकं जोरात चालू होण्याआधीच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे शिरणं. केंद्रकाच्या छिद्रांतून मोठ्या प्रथिनांना सहसा इम्पोर्टिन हा वाहक आत नेतो, त्यासाठी प्रथिनावर ओळखीचा तुकडा लागतो. बीटा-कॅटेनिनवर तसा नेहमीचा तुकडा नाही. त्याची घडणच इम्पोर्टिनसारखी, एकामागून एक येणाऱ्या, आर्माडिलो नावाच्या सारख्याच घड्यांची, त्यामुळे ते छिद्रातल्या प्रथिनांना थेट धरत आत जातं. आत टीसीएफ या डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनाला चिकटून पाठीची जनुकं चालू करतं. इकाबॉड नावाच्या माशांच्या वाणात आईकडून हे प्रथिन पुरेसं मिळत नाही. त्या गर्भांना शील्ड येत नाही, पुढे डोकं आणि पाठकणाही नाही.

प्रथिन प्रत्यक्ष बघायला अँटिबॉडी आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक लागतो, तो घरी नाही. पण त्याचा परिणाम साध्या दहापट भिंगातून दिसतो. पुढच्या वेळी एक बशी हीटरविना ठेवून शील्ड किती उशिरा येते ते नोंदवणार आहे. मोबाइल भिंगावर घट्ट बसवायला कुणी काय वापरतं, तेवढं सांगा.