तुम्ही विचारलंत म्हणून: रायफल असताना पिस्तूल कशाला?

अमेरिकेत मोंटाना-वायोमिंगमध्ये एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्या मराठी माणसाला भारतातून हा प्रश्न हमखास येतो: खांद्याला चांगली रायफल आहे, मग छातीवर पिस्तूल कशाला? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे, त्यामुळे प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर सोपं आहे. रायफल हातात नसते आणि अस्वल येतं त्या वेळेसाठी.

आणि शिकारीच्या दिवसात अशी वेळ बरीच असते. एल्कचा मोठा नर ३०० किलोच्या पुढे भरतो. तो पडला की कातडं सोलायचं, चारही फरे सुटे करायचे, कण्यालगतचं मांस काढायचं आणि सगळं कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं. दोघं असली तरी दोन तास सहज जातात. एक जण गुडघ्यावर बसून सुरी चालवतो, दुसरा पाय ताणून धरतो. दोघांचे हात कोपरापर्यंत रक्ताने आणि चरबीने बुळबुळीत झालेले असतात, आणि रायफल चार पावलांवर झाडाला टेकवलेली असते. वर डोंबकावळे ओरडत असतात, वारा वास खोऱ्यात नेत असतो. ग्रिझली अस्वलाला आणखी काय आमंत्रण हवं? ते ताशी ५५ किलोमीटरपर्यंत धावतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदांत संपतं. तेवढ्यात झाडापर्यंत पोचून रायफल उचलणं होत नाही. धनुष्यबाणाच्या हंगामात तर रायफल मुळातच नसते.

म्हणून पिस्तूल कोणतं, यापेक्षा ते कुठे आहे हे आधी ठरवा. सप्टेंबर २०१८मध्ये वायोमिंगच्या टेटन विल्डरनेसमध्ये एल्क कापत असताना ग्रिझलीने हल्ला केला आणि एक अनुभवी वाटाड्या मारला गेला. तिथे पिस्तूल होतं, पण ते काढून सामानाजवळ ठेवलेलं होतं. काम करताना अडचण होते म्हणून पिस्तूल काढून ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि धोका नेमका त्याच कामात असतो.

कमरेचं होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) इथे कुचकामी ठरतं. पाठीवरच्या मोठ्या सॅकचा पट्टा नेमका त्यावरच बसतो. अलास्कात वाटाडे आणि मच्छीमार छातीवरचं होल्स्टर वापरतात ते याचसाठी. उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्यासाठी पिस्तुलाची मूठ छातीच्या मधोमध येते आणि नळी डावीकडे खाली जाते. पट्टे असे आवळा की वाकल्यावर पिस्तूल लोंबणार नाही. दुर्बिणीची पिशवी त्याच्या वर हवी, आणि रेनकोट घातला तर होल्स्टर रेनकोटच्या बाहेरून. एक धोका मात्र आहे: पिस्तूल काढताना नळी डाव्या हातावरून आणि डावीकडे उभ्या असलेल्या सोबत्यावरून फिरू शकते. डावा तळवा छातीला चिकटवायचा, पिस्तूल सरळ पुढे न्यायचं, तिथे दोन्ही हात जुळवायचे, आणि तोवर बोट चापाबाहेर. घरी रिकाम्या पिस्तुलावर हे शंभर वेळा करा, त्यातलं निम्मं हातमोजे घालून आणि पाठीवर सॅक असताना.

आता पिस्तूल की रिव्हॉल्व्हर. जुनी पसंती .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची: सहा गोळ्या, यंत्रणा साधी, आणि अस्वलाच्या अंगाला टेकून झाडलं तरी चालतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल तसं टेकलं तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ढकलली जाते आणि गोळी सुटेलच असं नाही. पण पोलादी .४४ सव्वा किलोच्या आसपास भरतो, म्हणून लोक सातशे ग्रॅमचा हलका घेतात आणि फसतात. एक तर त्याचा धक्का इतका वाईट की कोणी सरावच करत नाही. दुसरं म्हणजे त्या धक्क्याने सिलिंडरमधल्या (काडतुसं भरायच्या फिरत्या भागातल्या) उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचं थांबतं. तपासणी सोपी आहे. सहा भरा, सहाव्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, पाच झाडा, सहावं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नका.

माझं मत बहुतेकांसाठी १० एमएम पिस्तुलाच्या बाजूने आहे. ग्लॉक २० भरलेलं साधारण १.१ किलोचं, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, आणि दुसरी-तिसरी गोळी झटपट नेमावर येते. पकड मात्र घट्ट हवी, मनगट सैल राहिलं की काडतूस अडकतं. पोकळ टोकाच्या गोळ्या घेऊ नका. त्या लवकर पसरतात आणि चरबी-खांद्यातच थांबतात. चपट्या टोकाची, न पसरणारी, २०० ते २२० ग्रेनची (सुमारे १३-१४ ग्रॅमची) कठीण गोळी हवी. कारखान्यातून आलेल्या नळीत उघड्या शिशाची गोळी वापरू नये असं ग्लॉक स्वतः सांगतं, म्हणून बरेच जण नळी बदलतात किंवा घन तांब्याची गोळी घेतात. काहीही घेतलंत तरी तीच शंभर काडतुसं झाडून बघितल्याशिवाय रानात नेऊ नका. आणि ताकदीबद्दल भ्रम नको: हे सातशे फूट-पाउंडाचं (गोळीच्या ऊर्जेचं माप) हत्यार आहे, .३०-०६ रायफल २८००च्या घरात असते.

मग बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) का नाही? जरूर घ्या. २००८च्या अलास्कातल्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यातलंच) तो ९२ टक्के वेळा चालला. २०१२च्या अभ्यासात हँडगन (पिस्तूल-रिव्हॉल्व्हर) ८४ टक्के, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के. हे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका, कारण दोन्हींतले प्रसंग वेगळे आहेत. स्प्रेच्या नोंदींत नुसती कुतूहलाने आलेली अस्वलंही आहेत. उलट्या वाऱ्यात किंवा तंबूत स्प्रे आपल्याच डोळ्यांत जातो. पट्ट्यावर स्प्रे, छातीवर पिस्तूल, दोन्ही ठेवावं.

जखमी जनावर संपवायला पिस्तूल वापरायचं असेल तर त्या राज्याचा नियम आधी वाचा, आणि कानात प्लग घाला. आखूड नळीच्या .४४चा एक आवाज कान कायमचा बिघडवू शकतो.

कायद्याचं आपल्या लोकांनी नीट ऐकावं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. अपवाद आहे तो अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना असलेल्यांना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. अलास्कात स्वसंरक्षणार्थ अस्वल मारावं लागलं तर नखांसकट कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते आणि १५ दिवसांत लेखी माहिती द्यावी लागते. उघड्यावर टाकलेल्या अन्नाने किंवा कचऱ्याने तुम्हीच अस्वल ओढवून घेतलं असेल तर स्वसंरक्षणाचा दावा टिकत नाही.

अलास्काला गाडीने जायचा बेत असेल तर पिस्तूल घरी ठेवा. वाटेत कॅनडा लागतो आणि तिथे पाहुण्याला शिकारीसाठी हँडगन नेता येत नाही. विमानाने नेता येतं: रिकामं, कुलूपबंद कठीण पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात. स्प्रे मात्र चेक-इनमध्येही चालत नाही, तो अँकरेजला उतरल्यावर विकत घ्यायचा.