तुम्ही विचारलंत म्हणून: अजून एएस/४००च का?

“अजून त्या एएस/४००चा झेंडा घेऊन फिरता? कमिशन मिळतं का?” नाही मिळत. एक पैसाही नाही.

मुळात या नावाचं यंत्र आता कुणी विकतच नाही. १९८८ला आयबीएमने आणलं ते एएस/४००, कंपन्यांच्या ऑर्डरी-हिशेब सांभाळणारा संगणक. २००० मध्ये त्याचं आयसीरीज झालं, २००६ मध्ये सिस्टीम आय, २००८ मध्ये यंत्र पॉवर सिस्टीम्समध्ये मिसळलं आणि त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव झालं आयबीएम आय. शेवटचं बारसं ज्यांनी केलं त्यांना साष्टांग नमस्कार. एका अक्षराचं नाव इंटरनेटवर शोधून दाखवा! आम्ही आपले जुन्याच नावाने हाक मारतो आणि लोकांनी जुनाट म्हटलं की चिडतो.

खरं दुखणं वेगळं आहे. मी होतो त्या कंपनीत नवे संचालक आले आणि ‘हे बदलायचं का’ यावर मला अर्धा तास मिळाला. तयारी दांडगी होती. आदल्या रात्री जागून ऑर्डर नोंदवायचं पान ब्राउझरमध्ये चालवून दाखवलं होतं; मलाच, कारण बघायला दुसरं कुणी नव्हतं. पण मीटिंगमध्ये मी आधी उघडली ती हिरवी स्क्रीन: काळ्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही, सगळं कीबोर्डवर. का? माज, दुसरं काय. त्या स्क्रीनवर आमच्या ऑर्डर घेणाऱ्यांची बोटं काय धावायची! ज्याला कळतं त्याला कळेल, असं वाटलं.

संचालकांनी वाकून पाहिलं. “हे बंद पडलंय का?”

सगळे हसले. मीही हसलो. ते माझं हसणं अजून सलतं.

तेव्हा तरी ब्राउझर उघडायचा. नाही! मी व्याख्यान सुरू केलं. १९९५ मध्ये प्रोसेसर ४८ बिटवरून ६४ बिटवर गेला तरी जुने प्रोग्राम पुन्हा न लिहिता चालले, कारण प्रोग्राम आणि चिप यांच्यामध्ये एक थर आहे. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातच आहे. इथे प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट, म्हणजे तिचा प्रकार ठरलेला, त्यामुळे डेटा फाइलला प्रोग्राम म्हणून पळवता येत नाही. सगळं खरं. वीस मिनिटं खरं. ब्राउझरची खिडकी खाली मिनिमाइझ होऊन पडलेली.

यंत्र बदलायचा निर्णय आधीच झाला होता, असं सहकारी म्हणतात. असेलही. पुढे डेटा बाहेर काढायचे प्रोग्राम मलाच लिहावे लागले, कारण सहा अक्षरांत कोंबलेली फील्डची नावं फक्त मला वाचता यायची. याचा मला तेव्हा अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

‘चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही’ असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. अरे बाबा, न बंद पडणारं यंत्र दिसतं कुणाला? ‘आज सर्व्हर चालू होता’ अशी मेल येते का कधी?

पण मी यंत्राची बाजू लढवतो की त्यात गेलेल्या माझ्या वर्षांची? आरपीजी या तिथल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत रकाने मोजत, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या जागीच अक्षरं बसवत, लिहायची सक्ती २०१३ मध्येच जवळजवळ संपली. मी मात्र त्यानंतरही कितीतरी काळ रकाने मोजतच लिहिलं. जुनाट ते दिसत होतं की मी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

आता मी आधी ब्राउझर दाखवतो. परवा एका नव्या मुलीने स्वतःहून म्हटलं, “सर, ती हिरवी स्क्रीन दाखवा ना.” मी जरा फुशारकीनेच साइन ऑन केलं. ती दोन मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, “क्लिक कुठे करायचं?”

मी एफ३ दाबून बाहेर आलो.