तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जुनी गाडी आडरानात बंद पडली तर?

इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, गणपतीत भेटलेलं कुणी असो नाहीतर पुण्याहून व्हिडिओ कॉल करणारी मावसबहीण असो, आमच्या गाडीचा आणि मागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घराचा, फोटो बघितला की प्रश्न ठरलेला. अगं, एवढी जुनी गाडी, त्यात मागे ते धूड, आडरानात बंद पडली तर काय करता?

तर बंद पडते, हे आधीच सांगून टाकते. नऊ वर्षांत चार वेळा पडली. तीन वेळा आम्ही जागच्या जागी चालू केली, एकदा ट्रकवर घालून लीड्सला घरी आणावी लागली. पण याला घाबरून मी गाडी घरात ठेवली असती तर यॉर्कशायर डेल्स हा इथला डोंगरदऱ्यांचा भाग मला फक्त हायवेवरून काचेतून दिसला असता.

गाडी आहे मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, 1967 ची. मायनर 1948 साली आली, अॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे हिचंच रूप बेबी हिंदुस्थान नावाने बनायचं, आणि आपली अँबॅसेडर आली ती मॉरिस ऑक्सफर्डवरून, म्हणजे नातं जवळचंच. ट्रॅव्हलरच्या मागच्या भागाला अॅश लाकडाची चौकट आहे, ती शोभेची नाही हं, गाडीचा मागचा सांगाडाच तो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात मी स्वतः घासून वॉर्निश मारते. पाऊस पडून गेला की त्या लाकडाला जुन्या वाड्यातल्या तुळईसारखा वास येतो.

इंजिन 1098 सीसी, 48 हॉर्सपॉवर. गाडीचं वजन आठशे किलोच्या आसपास. इथे एक साधा हिशोब सांगतात की कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या वर नको, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला मी तेवढंही ओढायला लावत नाही, आमची दहा फुटी जुनी स्प्राइट कंपनीची कॅरॅव्हॅन सामानासकट पाचशेच्या आत ठेवते. जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत ठेवायचं. मागे जास्त भरलं की कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते आणि मग गाडीलाही हलवते. एकदा अनुभव घेतलाय, परत नको.

कॅरॅव्हॅन लावली की साध्या रस्त्यावर पन्नास मैलांच्या वर जायचं नाही असा इथला कायदाच आहे, आम्ही चाळीसनेच जातो. मागे रांग लागली की जागा बघून बाजूला घ्यायचं, सगळ्यांना जाऊ द्यायचं, हात करायचा, मग निघायचं. लीड्सहून स्किप्टन, सेटल, रिबलहेड करत हॉझपर्यंत साठ-पासष्ट मैल, आम्हाला सहज अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसात मला दगडी गडगे दिसतात. कोकणात आजोळी आंब्याच्या बागेभोवती चिरे आणि धोंडे रचून गडगा घालायचे ना, तसेच इथे, चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेले. साठच्या स्पीडने त्या नुसत्या रेघा दिसतात. चाळीसने त्यातल्या मेंढ्या जायच्या भोकासकट दिसतात.

चढाचं मात्र आधी ठरवावं लागतं, कारण पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी जवळजवळ उभी राहिल्याशिवाय पहिला पडतच नाही, आणि चढावर कॅरॅव्हॅनसकट उभी राहिलात की परत उचलताना क्लच जळायची भीती. म्हणून पायथ्याशीच सेकंड टाकायचा आणि इंजिनचा आवाज ऐकत वर जायचं. उताराला पण गियरमध्येच. कॅरॅव्हॅनला तिचे स्वतःचे ब्रेक असतात, गाडी हळू झाली की मागचा लोड हुकवर दाबला जातो आणि त्या दाबानेच ते लागतात. रिव्हर्स घेताना तोच दाब येतो, म्हणून आधी खाली उतरून खिट्टी लावायची, नाहीतर कॅरॅव्हॅन जाग्यावर रुतून बसते.

आता बंद पडण्याचं सांगते, दोन वर्षांपूर्वीचं. रिबलहेडचा तो चोवीस कमानींचा रेल्वेचा पूल मागे टाकून आम्ही हॉझच्या रस्त्याला लागलो होतो, सप्टेंबर, बारीक पाऊस, दोन्ही बाजूंना उघडा माळ आणि वस्ती म्हणावी अशी कुठेच नाही. चढावर गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि दम कोंडल्यासारखी गप्प झाली. उतारावर मागे घरंगळू नये म्हणून हँडब्रेक ओढला, नवरा पळत जाऊन कॅरॅव्हॅनच्या चाकांमागे लाकडाचे ठोकळे लावून आला.

मी किल्ली फिरवली आणि कान दिला. मायनरला पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक असतो, एसयू कंपनीचा, बॉनेटखाली मागच्या पत्र्याला लावलेला. किल्ली ऑन केली की तो टिक टिक टिक करतो, पेट्रोल भरलं की थांबतो. त्या दिवशी एक टिक पण नाही. म्हणजे पंपच. आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन ठिपके, काळे पडून चिकटले की असं होतं.

आणि मला बाबा आठवले. आमची फियाट होती कोल्हापुरात, मे महिन्यात आजोळहून परत येताना साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो की अर्ध्यात ती अशीच गप्प व्हायची. तिथे कारण वेगळं, उन्हाने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ओढता यायचं नाही. बाबा शांतपणे उतरायचे, खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचे आणि आम्हाला करवंदं काढायला पाठवायचे. आम्ही ओंजळ भरून येईपर्यंत गाडी चालू झालेली असायची. त्यांचा चेहरा कधी त्रासलेला बघितला नाही मी. गाडी कुठून काय मागतेय ते त्यांना कळायचं, आणि मला वाटतं तेच मला हवं होतं, म्हणून मी ही गाडी घेतली.

पान्याच्या दांड्याने पंपाच्या अंगावर दोनदा हलकं ठोकलं. टिक. परत ठोकलं. टिक टिक टिक. पण लगेच निघायचं नव्हतं, पुढे चढ होता, परत तिथेच बसली असती. म्हणून पंपाची काळी टोपी काढली, पॉइंटमधून कागदाची पट्टी ओढून घेतली, काळी होऊन बाहेर आली, दुसरी ओढली, ती जरा कमी काळी. नवरा छत्री धरून उभा. तेवढ्यात कुत्रं मागे बसवून एक शेतकरी क्वाड बाइकवरून, म्हणजे शेतातल्या चारचाकी मोटारसायकलवरून, आला, थांबला, काही न विचारता गाडीच्या मागे जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात करत उभा राहिला. टोपी बसवून झाल्यावर मग म्हणाला, माझ्या वडिलांकडे मायनरची व्हॅन होती, मागे मेंढ्या घालून हॉझच्या बाजारात न्यायचे. लाकडावर हात फिरवून बघितला त्याने. आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये चहा टाकला, आलं घालून, तो दारातच उभा राहून प्यायला, आणि रात्री कुठे उतरणार विचारून त्याच्या चुलतभावाच्या शेताचा रस्ता सांगितला.

अशी शेतं इथे खूप आहेत. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबने मान्यता दिलेली, एका वेळी फक्त पाच कॅरॅव्हॅन, एक नळ, घाण टाकायची जागा, बाकी गवत. फाटकाशी टेबलावर अंडी आणि पैसे टाकायचा डबा. त्या रात्री तिथे आम्ही एकटेच होतो. पोहे केले, गॅसची बत्ती लावली, तिचा सूं सूं आवाज आणि छतावर पाऊस.

तयारी मी करते, नाही असं नाही. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, तरी मी दरवर्षी करून घेते, ब्रेक आहेत ते, त्यात सूट कसली घ्यायची. 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराच्या नळ्या खातं, म्हणून कमी इथेनॉलचं, महागातलं भरते. फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म असे सुटे भाग सीटखाली, आणि आता एक पंपही, पंच्यात गुंडाळून.